तुम्ही विचारलंत म्हणून: मोजणी सकाळी आठला, मग तुम्ही रात्रभर काय करता?

कुडाळच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, चतुर्थीला आलेल्या चाकरमान्यांच्या घोळक्यात, सगळीकडे मला हा प्रश्न विचारला जातो. शेजारच्या काकी तर दारातच अडवतात, "मोजणी सकाळी, मगे तू रातभर थंयसर काय करतंस गो?" मी टीव्हीसाठी बातमीदारी करते आणि निवडणुकांच्या निकालाची आदली रात्र मतमोजणी केंद्राबाहेर काढते. काकींना दारात नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

सकाळी नऊला पडद्यावर येणारा आकडा नेमका कुठल्या गावांचा आहे, हे आधी माहीत करून घ्यायचं असतं. रात्रीचं मुख्य काम तेच.

लोकांना वाटतं पहिली फेरी म्हणजे अख्ख्या मतदारसंघाचा कौल. तसं नसतं. एका विधानसभा क्षेत्राला साधारणपणे १४ टेबलं लावतात आणि यंत्रं मतदान केंद्रांच्या क्रमांकाने येतात. पहिल्या फेरीत १ ते १४, दुसऱ्या फेरीत १५ ते २८, असं पुढे. तीनशेच्या आसपास केंद्रं असली की वीस-बावीस फेऱ्या होतात. यादीत वर असलेली गावं एखाद्याच्या बालेकिल्ल्यातली असली, तर तो पहिल्या पाच फेऱ्या दणक्यात पुढे दिसतो, आणि तालुका बदलला की चित्र फिरतं. म्हणून रात्री मांडीवर केंद्रांची यादी घेऊन मी प्रत्येक फेरीसमोर गावांची नावं लिहिते आणि त्यापुढे मागच्या निवडणुकीचे केंद्रनिहाय आकडे. ते फॉर्म २० या आयोगाच्या अंतिम निकालपत्रकात मिळतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

लोकसभेला हे आणखी गुंतागुंतीचं होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सहा विधानसभा क्षेत्रं: चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. सहाही ठिकाणची मोजणी एकाच वेळी, पण प्रत्येकाचा वेग वेगळा. ४ जून २०२४ च्या निकालात वरच्या तीन क्षेत्रांत विनायक राऊत पुढे होते आणि खालच्या तीन क्षेत्रांत नारायण राणे. शेवटी राणे ४७ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. आता विचार करा, अशा लढतीत भरदुपारी चिपळूणच्या दोन फेऱ्या जास्त झालेल्या असल्या तर एकूण बेरीज एक सांगते, आणि कणकवली पुढे सरकली असली तर दुसरंच सांगते. दोन्ही बेरजा खऱ्याच. पण कुणाच्या किती फेऱ्या झाल्या हे न सांगता नुसती बेरीज दाखवली की घरी बसलेला माणूस फसतो, आणि रस्त्यावर गुलाल लवकर उधळला जातो. गुलाल एकदा उडाला की दुसऱ्या बाजूची मुलं बाहेर येतात. छोट्या गावात ती एकमेकांची शेजारी असतात, कधी भावकीतली.

दुसरा प्रश्न पाठोपाठ येतो: आयोगाच्या संकेतस्थळाआधी तुमच्याकडे आकडे कसे? आत जाळीपलीकडे उमेदवारांचे मतमोजणी प्रतिनिधी बसलेले असतात. यंत्राचा निकाल त्यांना दाखवतात, ते कागदावर टिपतात. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून चिठ्ठ्या बाहेर येतात. आयोगाचा आकडा मात्र फेरीचा तक्ता तयार होऊन, तपासून, सही झाल्यावर चढतो. मधला वेळ तेवढाच. मी दोन विरोधी पक्षांच्या माणसांचे आकडे जुळले तरच मुंबईला कळवते. ही माणसं सकाळच्या गर्दीत ओळखीची होत नाहीत. रात्री बाराला पक्षाच्या मांडवात चहा पिताना होतात.

बाकी तांत्रिक धावपळ. ओबी व्हॅनची, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाडीची, छत्री उपग्रहाला लावायची, जनरेटरचं डिझेल बघायचं, पीसीआरशी, म्हणजे मुंबईच्या स्टुडिओतल्या नियंत्रण कक्षाशी, लाईन तपासायची. जूनच्या सुरुवातीला कोकणात वळवाचा जोरदार पाऊस आला की व्हॅनचा सिग्नल तुटतो, कारण त्या लहरी दाट पावसात क्षीण होतात. म्हणून सोबत लाइव्ह बॅग असते, ती चार-सहा सिमकार्डांचं नेटवर्क एकत्र करून चित्र पाठवते. पण सकाळी हजारो माणसं त्याच टॉवरवर आली की तीही अडखळते. यावर एकच उपाय: कुठल्या कोपऱ्यात कुठल्या कंपनीची रेंज मिळते ते रात्रीच फिरून बघणं.

तिकडे मुंबईत ग्राफिक्सवाले खोटे आकडे टाकून सराव करत असतात आणि पहाटे ते सगळे पुसून शून्यावर आणतात. नावंही तपासतात. कोकणात हे फार महत्त्वाचं आहे. २०१४ ला रायगडात अनंत गीते २,११० मतांनी जिंकले, सुनील तटकरे हरले, आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९ हजारांहून अधिक मतं होती. पट्टीवर अर्धवट नाव गेलं तर काय होईल ते तुम्हीच बघा.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, तरी सांगते. केंद्रं बहुतेक गावाबाहेर, गोदामात नाहीतर क्रीडा संकुलात असतात. पुरुष सहकारी अंधारात कुठेही जातात. आम्हा बायकांना, बंदोबस्तातल्या महिला पोलिसांनाही, उजाडेपर्यंत पाणी कमी पिऊन काढावं लागतं. मोजणीसाठी इतका चोख बंदोबस्त करता येतो, तर चार फिरती शौचालयं आदल्या संध्याकाळपासून उघडी ठेवता आलीच पाहिजेत. दरवेळी मी हे मागते आणि मागत राहणार.

मतदानाच्या दिवसाची रात्रही अशीच जाते. संध्याकाळी सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठी देऊन त्यांचं मतदान पूर्ण करतात, मग यंत्रं मोहोरबंद होतात आणि लोकसभेला दोडामार्गपासूनच्या गाड्या घाटवळणं उतरत रत्नागिरीला पोहोचेपर्यंत पहाट होते. सहा-सातला सांगितलेली टक्केवारी तात्पुरती असते, पक्की टक्केवारी कागद जुळल्यावर येते. आकडा वाढला म्हणून लगेच संशय घेणाऱ्यांना मी हेच सांगते.

आणि जिंकला कोण, हे मी शेवटपर्यंत का म्हणत नाही? उरलेल्या फेऱ्यांतली मतं आघाडीपेक्षा जास्त असतील तोवर मी फक्त "आघाडीवर" म्हणते. २०२४ ला मुंबई वायव्यमध्ये निकाल ४८ मतांनी लागला. यंत्रं संपली तरी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्रातून पडणाऱ्या कागदी चिठ्ठ्या, मोजायच्या असतात. म्हणून काकी, दुपारी फोन करून "कोण इलो गो?" विचारलंत, तर मी तुम्हाला फेरी सांगेन आणि राहिलेली गावं सांगेन. नाव सांगायला संध्याकाळ होईल.