आमची वाटचाल: फीलर गेजपासून बोअरस्कोपपर्यंत

भायखळ्यातलं आमचं गॅरेज उभं राहिलं ते टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्ह आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट बसवणं) आणि कार्बोरेटर ट्यूनिंगवर. अँबॅसडर आणि पद्मिनी हे रोजचं काम. जुन्या स्पोर्ट्स गाड्या आमच्याकडे वळल्या त्यामागचं कारण अगदी साधं: अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये तेच घराणं, आणि १९६२ साली आलेल्या एमजीबीमध्ये त्याचाच १७९८ सीसीचा थोरला भाऊ. अँबॅसडरचे टॅपेट मारून ज्याचा हात बसलाय, त्याला एमजीबीचं रॉकर कव्हर काढल्यावर परकं काही दिसत नाही. पुढे ट्रायम्फ स्पिटफायर आल्या, मर्सिडीजच्या आर१०७ आल्या, पोर्शची एअर-कूल्ड ९११ आली, आता पोर्श बॉक्सस्टर आणि मर्सिडीज एसएलकेसुद्धा 'जुन्या' म्हणून येतात. गाड्या बदलल्या, तक्रार मात्र तीच: "इंजिनातून टिकटिक येतेय, बघा जरा."

या धंद्याची एक जुनी खोड आहे. आवाज आला की टॅपेट टाइट करायचे, नाही गेला तर जाड ऑइल भरायचं, तरीही नाही गेला तर हेड खोलायचं. गॅरेजची कमाई फक्त खोलण्यावर असली की हात आपसूक पान्याकडेच जातो. म्हणून आम्ही निदान हे वेगळं काम केलं. त्याचं बिल वेगळं आणि त्यात हेड खोललं जात नाही. गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवायची, कारण पूर्ण थंड इंजिनाची पहिली तीस सेकंदं पुढच्या तासाभरापेक्षा जास्त सांगतात. ऐकायचं सकाळी सात वाजायच्या आत. त्यानंतर भायखळ्यात हॉर्न आणि हातगाड्या यांच्यापुढे कुठलाच टॅपेट ऐकू येत नाही.

पहिला प्रश्न आवाज कुठून येतो हा नसून किती वेळा येतो हा असतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ८०० आरपीएमला स्लो चालत असेल तर एका व्हॉल्व्हचा टिक मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण सहा-सात वेळा पडतो. क्रँकशी जोडलेला आवाज त्याच्या दुप्पट. कानाने एवढं मोजता येत नाही, पण टायमिंग लाइटने येतं. डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत एक नंबर प्लगच्या वायरला क्लिप लावली की दिवा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा लुकलुकतो. दर लुकलुकीला एक टिक असेल तर आवाज कॅमच्या तालावरचा: व्हॉल्व्ह, मेकॅनिकल फ्युएल पंप किंवा एखाद्या सिलेंडरची गळती. दोन असतील तर क्रँककडे बघा. ताल जुळतच नसेल तर बेल्ट, आल्टरनेटर, वॉटर पंप यांची बाजू. दोन सिलेंडरला एकच कॉइल असलेल्या नव्या इग्निशनमध्ये दिवा प्रत्येक फेरीला लागतो, तिथे हिशेब उलटतो. हे विसरून निदान चुकतं. पिस्टनचा ठोकाही फसवतो. तो मुख्यतः पॉवर स्ट्रोकला पडतो, त्यामुळे खालचा, क्रँककडचा आवाज असूनही ताल कॅमचा वाटतो.

दुसरी पायरी म्हणजे बेल्ट काढून इंजिन दहा-पंधरा सेकंद चालवणं. वॉटर पंप थांबलेला असतो, म्हणून त्याहून जास्त नाही. आवाज गेला तर इंजिन निर्दोष. एमजीबीत आणखी एक गंमत असते. मागच्या चाकाजवळचा एसयूचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप स्वतःच टिकटिकतो. चावी फिरवल्यावर भराभर वाजून तो मंदावला पाहिजे. इंजिन बंद आणि इग्निशन चालू असतानाही वाजतच राहिला तर कार्बोरेटरची नीडल व्हॉल्व्ह गळतेय, नाहीतर पंप सक्शनच्या बाजूने हवा ओढतोय. इंजेक्शनच्या गाड्यांत इंजेक्टरची बारीक कोरडी टिकटिक नैसर्गिकच. पेट्रोलच्या वाफा खेचणारी पर्ज व्हॉल्व्ह गरम झाल्यावर टिकते. तिचा कनेक्टर क्षणभर काढला की उत्तर मिळतं.

जून ते सप्टेंबर आमच्याकडे टिकटिकीच्या गाड्या वाढतात. जुन्या प्लग वायरला सूक्ष्म चिरा असतात, दमट हवेत करंट हेडवर किंवा बॉडीवर उडी मारतो आणि तो 'टिक' हुबेहूब टॅपेटसारखा ऐकू येतो. बरोबर इंजिन थोडं मिसही होतं. शटर ओढून, दिवे घालवून, स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारायचा. निळ्या ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. या वेळी वायरींना हात लावायचा नाही, हे नव्या पोरांना दरवेळी सांगावं लागतं.

मग एक्झॉस्टची गळती. आमच्याकडे टॅपेटच्या नावाखाली येणारा हा सगळ्यात मोठा वर्ग. मुंबईच्या खाऱ्या हवेत मॅनिफोल्डचे (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) स्टड गंजतात, टोकाचा एखादा तुटतो, आणि थंड असताना फटीतून प्रत्येक एक्झॉस्ट स्ट्रोकला फटका बाहेर पडतो. गरम झालं की लोखंड फुगतं, फट मिटते, आवाज जातो. मालक म्हणतो, "ऑइल वर चढलं की थांबतं." खरं तर ऑइलचा काही संबंधच नसतो. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरला जोडायची आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर, प्लगच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडायचं. जिथे फुगे तिथे गळती. सांध्याजवळ काळी काजळीची रेघ असेल तर बहुतेक काम तिथेच संपतं. सैल प्लगसुद्धा असाच टिकतो. अॅल्युमिनियम हेडमधला १४ मिमीचा वॉशरवाला प्लग साधारण २५ न्यूटन-मीटरला बसवतो, पण त्या गाडीच्या पुस्तकातला आकडा आधी बघून.

एमजीबीत इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही स्टड वाटून घेतात आणि एकच जाड वॉशर दोन्ही फ्लँजवर टेकतो. नवा मॅनिफोल्ड टाकल्यावर दोन्ही फ्लँजची जाडी सारखी नसेल तर वॉशर एका बाजूलाच दाबतो, आणि कितीही आवळलं तरी एक्झॉस्ट गळतच राहतो. नट १५ फूट-पाउंडचे. जास्त जोर लावला तर स्टड हातात येतो. वॉशर घासून पातळी जुळवणं हाच उपाय.

सिलेंडर तोडून, म्हणजे एकेक बंद करून बघण्याची पद्धत जुनीच आहे, पण ती सांभाळून करावी लागते. एकेक प्लग बंद केल्यावर त्या सिलेंडरचा भार जातो. बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) किंवा पिस्टनचा आवाज दबतो, एक्झॉस्टचा फटकाही मंदावतो, टॅपेटचा मात्र जसाच्या तसा राहतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये वायर नुसती उपटून लोंबती ठेवली तर कॉइल किंवा मॉड्यूल जळू शकतं. तिच्यात जादा प्लग बसवून तो इंजिनाला अर्थ करायचा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत प्लगला हात न लावता इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर तापवून खलास करतं.

एवढं सगळं करून संशय व्हॉल्व्हवरच ठरला, तरच कव्हर उघडायचं. बी-सिरीज आणि स्पिटफायरला नऊचा हिशेब लागतो: जी व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेली असेल तिचा नंबर नऊमधून वजा करा, उरलेल्या नंबरची व्हॉल्व्ह सेट करा. आठवी दाबलेली असेल तर पहिली, सहावी असेल तर तिसरी. एमजीबीच्या जुन्या हँडबुकात थंड इंजिनावर १५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिमी. स्पिटफायरला १० थाऊ. एअर-कूल्ड ९११ मध्ये ९६४ या पिढीपर्यंत सॉलिड रॉकर, तिथे थंडीवर ०.१ मिमी. पुढच्या ९९३ पासून ऑइलच्या दाबाने फट स्वतःच मिटवणारे हायड्रॉलिक लिफ्टर आले, तिथे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायची सोयच नाही.

गेज १५ दाखवतं आणि तरीही आवाज येतो, ही तक्रार आमच्याकडे दुसऱ्या गॅरेजमधून होऊन येते. रॉकरच्या ज्या टोकाने व्हॉल्व्ह दाबली जाते तिथे झिजून खळगा पडतो. सपाट पट्टी खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकते आणि मधली खरी फट मोजलीच जात नाही. १५ वाटतं ते प्रत्यक्षात २० किंवा त्याहून जास्त असतं. डायल गेज लावून रॉकर हाताने हलवला की खोटं उघडं पडतं. रॉकरचं तोंड घासून त्याचा गोलावा परत आणायचा, नाहीतर बदलायचा. रॉकर शाफ्टही खालच्या बाजूने झिजतो. नखाला पायरी लागली तर शाफ्ट आणि बुश एकत्रच बदलावेत.

शाफ्ट काढताना बी-सिरीजमध्ये एक फसगत ठरलेली. पेडस्टलचे (शाफ्टच्या आधारांचे) काही नट हे हेडचेच नट असतात. तेवढेच सैल केले तर हेड वेडंवाकडं ओढलं जातं आणि हेड गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये उतरू शकतं. आधी कूलंट काढायचं, मग सगळे हेड नट क्रमाने थोडे थोडे सैल करायचे, परत बसवताना ४५ ते ५० फूट-पाउंड.

फट बरोबर, रॉकर चांगला, तरी एकच व्हॉल्व्ह वाजते? मग कॅमची पाकळी, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा तिचा उंचवटा. रॉकरच्या पुशरॉडच्या (कॅमकडच्या) बाजूला डायल गेज लावून आठही व्हॉल्व्हची उचल मोजायची. सातजणी सारख्या आणि एखादी चार-पाच दशांश मिलिमीटर कमी असेल तर पाकळी खाल्ली गेलीय. एमजीबीत बाजूची झाकणं काढून टॅपेट (इथे कॅमच्या पाकळीवर टेकणारे भाग) बाहेर घेता येतात. खालचं तोंड खड्डेदार दिसलं की कॅम आणि टॅपेट दोन्ही नवे. नव्या कॅमवर जुने टॅपेट घालायचे नाहीत, ते तो लगेच खातात. इथे ऑइलचा प्रश्न येतो. या सपाट टॅपेटना झिंक-फॉस्फरसवाली मिश्रणं लागतात, आणि ऑइलच्या एपीआय एसएम या दर्जापासूनच्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. २०डब्ल्यू-५० त्या मर्यादेत येत नाही, पण डब्यावरचं लेबल न वाचता घेतलेलं 'सिंथेटिक भारी ऑइल' जुन्या कॅमला भारी पडतं.

हायड्रॉलिक लिफ्टरच्या गाड्यांचा आजार वेगळा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन महिने उभी राहिलेली गाडी सुरुवातीला टिकते, कारण लिफ्टरमधलं ऑइल उतरलेलं असतं. मिनिटभरात थांबलं तर ठीक. वीस मिनिटांनीही चालू असेल तर प्रथम लेव्हल बघा. कमी असली तर पंप हवा खेचतो, जास्त असली तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. दोन्हीत लिफ्टरमध्ये फेस जातो, आणि फेस दाबला जातो. मग प्रेशर, खऱ्या गेजने, डॅशबोर्डच्या काट्याने नाही.  फिल्टरमधली ऑइलला परत जाऊ न देणारी झडप निकामी असेल तर रात्रभरात गॅलरी (इंजिनातल्या ऑइलच्या वाटा) रिकामी होते. असे स्वस्त फिल्टर आम्ही परत पाठवतो.

प्रेशर नीट असेल तर ताजं ऑइल भरून गाडी ईस्टर्न फ्रीवेवर चेंबूरपर्यंत आणि परत. काच खाली, कठड्याच्या बाजूने. भिंतीवरून आदळून येणारा टिक आतल्या आवाजांतून वेगळा होतो. 'दर रविवारी दोन मिनिटं चालू करून बंद' ही पद्धत आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना सोडायला लावतो. ऑइल तापतच नाही, त्यात पाण्याचा अंश आणि पेट्रोल साचतं. एंजिन फ्लशचे डबेही आम्ही ठेवत नाही. जुन्या इंजिनातला चिखल एकदम सुटला की तो ऑइल पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतो.

लिफ्टर बदलले तर बसवल्यावर निदान अर्धा तास इंजिन फिरवायचं नाही. भरलेला लिफ्टर व्हॉल्व्ह उघडी धरून ठेवतो आणि पिस्टन तिच्यावर आदळू शकतो. नंतर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या, मगच स्टार्टर. आर१०७ च्या व्ही८ मध्ये लिफ्टरआधी कॅमवर ऑइल सोडणाऱ्या नळीचे प्लॅस्टिकचे जोड तपासायचे. ते ठिसूळ होऊन तुटले की पाकळी कोरडी चालते.

बोअरस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) आमच्याकडे आला तो बॉक्सस्टर आणि ९११ च्याच ९९६ या पिढीमुळे. त्यांच्या बोअरवर (सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर) ओरखडे पडले की आवाज लिफ्टरसारखाच येतो. खुणा वेगळ्या: ऑइल वाढत्या प्रमाणात जळणं, आणि ९९६ मध्ये दोन सायलेन्सरपैकी एकाच्याच तोंडाला काळी काजळी. मोठ्या क्षमतेच्या इंजिनांत आणि चार ते सहा नंबरच्या बाजूला हे जास्त दिसतं. प्लगच्या भोकातून वरचाच भाग दिसतो, ओरखडे बऱ्याचदा खाली असतात. म्हणून संप (खालचं ऑइलचं भांडं) काढून, पिस्टन वर नेऊन, खालून बघतो. फिल्टर कापून घड्याही उघडतो: चुंबकाला चिकटणारी करडी भुकटी कॅम-टॅपेटची, न चिकटणारे तांबूस कण बेअरिंगचे. तांबूस दिसले तर ती गाडी आम्ही पुन्हा सुरू करत नाही.

काम झाल्यावर ५०० किलोमीटरनंतर गाडी परत बोलावतो. तेव्हा मॅनिफोल्डचे नट आणि थंड इंजिनावर व्हॉल्व्हची फट पुन्हा तपासली जाते. त्याचे पैसे आधीच्या बिलात धरलेले असतात.