वासोटा एका दिवसात : माझा अनुभव

सातारा जिल्ह्यातल्या वासोटा गडाची चढण अवघड नाही. सह्याद्रीत थोडंफार हिंडलेल्या माणसाला ती दोन-अडीच तासांत होते, आणि वाट जवळजवळ गडाच्या दारापर्यंत गर्द सावलीतून जाते. तरीही कितीतरी गट माथ्यावर अर्धा तास कसाबसा काढून तिथल्या बाबूकडा नावाच्या कड्याचा एक फोटो घेतात आणि धावत खाली सुटतात. घोळ चढणीत होत नाही, तो त्याआधी, जिथून बोट सुटते त्या बामणोली गावाच्या काठावर होतो. गड कोयना अभयारण्यात आहे, २०१० पासून हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो. गडावर किंवा पायथ्याला मुक्काम करता येत नाही, आणि साताऱ्याकडून यायचं तर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, बोटीने ओलांडावा लागतो. म्हणजे सकाळचा परवाना आणि संध्याकाळची परतीची बोट यांच्यामध्ये जो वेळ उरेल तेवढाच वासोटा आपला.

म्हणून मी हिशेब उलटा मांडतो. पायथ्याहून दुपारी तीनला बोट सुटली की साडेचारपर्यंत बामणोली. तीनला खाली यायचं तर दीड वाजता माथा सोडायला हवा. माथ्यावर दीड तास पाहिजे, म्हणजे बारा वाजता गडावर. त्यासाठी साडेनऊला चढायला सुरुवात, आणि बोट आठच्या सुमारास हलायला हवी. सातारा ते बामणोली यवतेश्वराचा घाट चढून कास पठारावरून साधारण ३५ किलोमीटर. घाटरस्ता आणि पहाटेचं धुकं धरून सव्वा तास. फुलांच्या हंगामात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी, कासपाशी गाड्यांची जी रांग लागते ती या हिशेबात बसतच नाही. एसटी बामणोलीपर्यंत जाते, पण त्याच दिवशी एसटीने येऊन गड करणं जमवू नये. आदल्या संध्याकाळी बामणोलीला पोचून तळ्याकाठी तंबूत किंवा कुणाच्या घरी राहणं सगळ्यात सोपं.

परवानगीसाठी वनखात्याकडे गटातल्या सगळ्यांची नावं, वयं आणि ओळखपत्रं लागतात. यादी दोन प्रतींत आधीच लिहून आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स काढून नेली तर पाच मिनिटांचं काम. खिडकीपाशी उभं राहून, "अरे, तुझं पूर्ण नाव काय?" असं विचारत यादी करणाऱ्या गटामुळे मागच्या सगळ्यांची बोट लांबते. प्रवेश शुल्क, कॅमेऱ्याचे पैसे, बोटीचं भाडं हे दर बदलत राहतात, तेव्हा ते आदल्या दिवशी फोन करून विचारावेत. रोख जवळ ठेवावी. दरीत मोबाइलला रेंज असेलच असं नाही, आणि मग ऑनलाइन पैसे देणारे एकमेकांकडे बघत बसतात.

बोटीचं भाडं माणशी नसून अख्ख्या बोटीचं असतं. चौघेच असाल तर दुसरा लहान गट शोधून भागी करावी, मात्र आधी त्यांच्या चालीचा अंदाज घ्यावा. त्यांच्यातला सगळ्यात हळू चालणारा माणूस हा आता तुमचाही सगळ्यात हळू माणूस असतो, कारण परतीची बोट सगळे आल्याशिवाय हलत नाही. भाडं ठरवताना पायथ्याशी बोट किती तास थांबेल हे स्पष्ट विचारून घ्यावं. जाता जाता दत्तमंदिर, त्रिवेणी संगम दाखवतो असं कोणी म्हणालं तर वासोट्याच्या दिवशी हात जोडावेत. ते दुसऱ्या दिवसासाठी छान आहे.

पाण्यावरचा प्रवास तास-दीड तासाचा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बोटीत थंडी चांगली बोचते, तेव्हा चढताना नकोसं होणारं जाकीट इथे हवंच. पावसाळ्यानंतर जलाशय तुडुंब असतो आणि बोट पायथ्याच्या झाडीजवळ लागते. एप्रिल-मेपर्यंत पाणी बरंच मागे सरकतं, बोट लांब थांबते, आणि भेगाळलेल्या किंवा रुतणाऱ्या चिखलातून, भर उन्हात, दोन्ही वेळा जास्तीची चाल पडते. वाट हुडकायला हिवाळा बरा. ऑक्टोबरात जंगल सगळ्यात हिरवं असतं, पण जळवाही तेव्हाच. उन्हाळ्यात त्यांची जागा गोचिडी घेतात: बारीक, गवतातून चढणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी खाज सुटल्यावर कळणाऱ्या. लांब बाह्या, लांब पँट, पँटची टोकं मोज्यात खोचलेली. दिसायला विचित्र, पण हा पोशाख दोन्हींवर चालतो. पावसाळ्यात गड पर्यटकांना बंद असतो.

मेट इंदवली हे पायथ्याचं जुनं गाव. आता तिथे वस्ती नाही, वनखात्याचा तपासणी नाका आहे. इथे पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात: बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटं. संख्या लिहून घेऊन अनामत ठेवून घेतात आणि परतताना तितकंच प्लास्टिक दाखवल्यावर ती परत मिळते. इथे प्रत्येक गटाची वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि ती सहज वाचवता येतात. खाणं घरूनच स्टीलच्या डब्यांत भरावं, पाण्यासाठी धातूच्या बाटल्या घ्याव्यात. जे काही प्लास्टिक राहील ते सगळं एकाच पिशवीत, एकाच माणसाकडे. पाणी माणशी तीन लिटर. पायथ्याचा ओढा हिवाळ्यात वाहता असतो, गडावर महादेव मंदिराजवळ टाकं आहे. पण पुढे पाणी मिळेल या भरवशावर मी बाटली रिकामी करत नाही. काडेपेटी आणि सिगारेट नाक्याच्या अलीकडेच सोडावी.

नाक्यापुढे ओढ्याकाठी मारुतीचं देऊळ आहे. ओढा ओलांडला की चढ सुरू होतो आणि सोडत नाही. पहिला तासभर मुळांची आणि दगडांची वाट. झाडी इतकी दाट की मागचा जलाशय दिसतच नाही, त्यामुळे आपण किती वर आलो याचा अंदाज लागत नाही. हमखास दम इथेच लागतो, कारण सावलीत गारवा वाटून माणसं जोरात सुटतात. पंचवीस-तीस मिनिटं सावकाश चालून दोन मिनिटं उभ्याउभ्या थांबावं; बसलं की पाय जड होतात. बडबडही आवरती ठेवावी. या रानात गवा आहे, अस्वल आहे, आणि त्यांना बघायला मिळण्यापेक्षा त्यांना न दचकवणं महत्त्वाचं.

वर गेल्यावर नागेश्वरचा फाटा लागतो. डावीकडची वाट दक्षिणेला नागेश्वरच्या गुहेकडे, उजवीकडची गडावर. महाशिवरात्रीला कोकणातल्या चोरवण्याकडून भाविक नागेश्वरला चढतात. दोन्ही एका दिवसात उरकू असा बेत फाट्यावर उभं राहून करू नये. गडाकडून नागेश्वरला जाऊन यायला आणखी बरेच तास लागतात आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. नागेश्वर करायचंच असेल तर परवानगी घेतानाच विचारावं आणि बोटवाल्यालाही सांगावं.

फाट्यानंतर झाडी विरळ होते, कातळात खोदलेल्या पायऱ्या येतात आणि दोन पडके दरवाजे ओलांडून आपण छप्पर नसलेल्या मारुतीपाशी पोचतो. इथून डावीकडे बाबूकडा, उजवीकडे काळकाईचं ठाणं म्हणतात ती माची, आणि समोर वाड्यांचे चौथरे, महादेवाचं देऊळ. मी आधी काळकाईकडे जातो, कारण जवळजवळ सगळेच आधी बाबूकड्याकडे धावतात. या टोकावरून हवा स्वच्छ असेल तर चकदेवचा डोंगर दिसतो, पलीकडे रसाळ, सुमार, महिपत या गडांची रांग. तासाभराने बाबूकड्यावर गर्दी ओसरलेली असते. कडा इंग्रजी यू आकाराचा, थेट कोकणात कोसळलेला. काठावरचं वाळलं गवत फार निसरडं असतं. तिथे पाठ कड्याकडे करून फोटो काढू नये.

बाबूकड्याच्या समोर जो झाडीभरला डोंगर दिसतो तो जुना वासोटा. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याच्यावर तोफा चढवून गडावर मारा केला आणि गड पडला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबातली माणसं आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी तेव्हा इथे कैदेत होते. त्याआधी ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी झुंज दिली तीही याच गडावरून. दोन्ही डोंगरांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं की तोफांपुढे हा गड का टिकला नाही ते लगेच उमगतं. समोरच्या डोंगरावर मात्र जायच्या फंदात पडू नये. नीट वाट नाही, पाणी नाही.

उतरताना गुडघ्यांना त्रास होतो तो शेवटच्या तासात, मुळांच्या वाटेवर. काठी इथे कामाची. नाक्यावर अनामतीची पावती, प्लास्टिकची पिशवी आणि ती ज्याच्या नावावर आहे तो माणूस, असे तिन्ही एकत्र हजर असावेत. पावती पुढे गेलेल्याकडे आणि पिशवी मागे राहिलेल्याकडे असली की पंधरा मिनिटं तिथेच जातात, आणि बोटीत बसलेले सगळे वर बघत राहतात.