काळी एकमधलं युकुलेले

युकुलेले घेतलं असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "त्याचा सा कुठे आहे?"

डिसेंबर 2019, कॅनडातल्या कॅलगरीतला माझा पहिला हिवाळा. बाहेर उणे 25, दुपारी साडेचारला अंधार, आणि बाबांची पेटी पंचवटीतल्या घरी. मी दुकानातलं सगळ्यात स्वस्त युकुलेले उचललं होतं. 60 डॉलर, म्हणजे तेव्हाचे तीन-सव्वातीन हजार रुपये. गिटारसारखं, पण लहान वाद्य. त्यातही सोप्रानो, म्हणजे छोट्या आकाराचं, जेमतेम हातभर लांब, काळ्या नायलॉनच्या चार तारा.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला हे वाद्य कळलं. नेहमीच्या पद्धतीने लावलं तर त्याची दुसरी तार पेटीच्या पांढरी एकला, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, मिळते. तिला सा धरलं की चार तारा होतात प, सा, ग, ध. पहिला पंचम मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, नाही, मध्य सप्तकातलाच, म्हणून आधी कानाला जरा चकवतो. पण हे चारही स्वर भूप रागाचे! वादी गंधार आणि संवादी धैवत, म्हणजे रागाचे दोन मुख्य स्वर, दोन्ही मोकळ्या तारेवर मिळतात, एकही बोट लावायला नको. फक्त रिषभ, म्हणजे रे, हवा असेल तर सा-च्या तारेवर दुसऱ्या पडद्याशी, म्हणजे दांडीवरच्या दुसऱ्या धातूच्या पट्टीशी, बोट दाबायचं. त्या रात्री मी बाबांना फोनवर भूपाचा आरोह वाजवून दाखवला.

"बाकी सगळं ठीक," बाबा म्हणाले, "रे चढतोय."

गायक द. वि. पलुस्करांचा जन्म 1921 सालचा, आमच्या नाशिकचाच. बाबांचा भूप त्यांच्याच रेकॉर्डवर पोसलेला, त्यामुळे चढा रिषभ त्यांच्या कानातून निसटणं शक्यच नव्हतं. पहिला आठवडा मी नव्या तारांना दोष दिला. नायलॉनच्या तारा सुरुवातीचे काही दिवस ताणत राहतात, सकाळी लावलेला स्वर संध्याकाळी उतरलेला असतो. पण तारा स्थिरावल्या तरी रे चढाच राहिला. मोकळी तार अचूक, बोट ठेवलं की चढ. स्वस्तातलं आहे, असंच असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जानेवारीत आणखी एक गोष्ट झाली. हीटरने घरातली हवा इतकी कोरडी केली की दांडीवरून हात सरकवताना पडद्यांची टोकं काट्यासारखी टोचायला लागली. धातू होता तेवढाच होता, आजूबाजूचं लाकूड आक्रसलं होतं. युकुलेलेचं पोट मात्र शाबूत राहिलं, कारण स्वस्त वाद्याचं पोट प्लायवूडसारखं असतं. पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले, त्यामुळे ते सहजी तडकत नाही. महागड्या अखंड लाकडाला त्या हवेत फार जपावं लागतं. मी साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत ओला स्पंज ठेवला आणि डबी पिशवीत टाकली. चार हिवाळे तीच डबी चालू आहे.

इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, बालपण कॅनडातल्याच हॅलिफॅक्स शहरात गेलेलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून चाल्मर्स डोन नावाच्या संगीत-शिक्षकाने तिथल्या शाळांमध्ये युकुलेले रुजवलं, त्या पिढीतल्या त्या. त्यांच्या वाद्याचा सा माझ्यापेक्षा एक पूर्ण स्वर वर, पांढरी दोनला. कॅनडाच्या शाळांत तसंच शिकवायचे म्हणे. "तार तुटत नाही का?" मी विचारलं. त्यांनी पन्नास वर्षं जुनं, तिकोनी युकुलेले माझ्या हातात दिलं, तेच उत्तर होतं. त्यांनीच मला सांगितलं की 1879 मध्ये पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून उसाच्या मळ्यांवर कामाला निघालेली माणसं हवाईतल्या होनोलुलूला उतरली, त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या चारतारी वाद्यातून पुढे युकुलेले घडलं. घर सोडताना वाद्य बरोबर घेणारी ती माणसं तेव्हापासून मला फार जवळची वाटतात.

पांढरी दोन चालते, तर काळी एक का नाही? बाबांचा सा काळी एक, पांढरी एक आणि पांढरी दोनच्या मधला.

जुलै 2022 मध्ये मी नाशिकला आले, युकुलेले विमानात मांडीवर घेऊन. पाऊस धरलेला होता, गोदावरी फुगलेली. चार दिवसांत पडद्यांची टोकं टोचायची थांबली, लाकूड परत फुललं होतं. मी चारही तारा अर्धा स्वर चढवल्या आणि बाबांच्या पेटीला मिळवल्या. बाबांनी भूपाचा आलाप सुरू केला. मी रे लावला. ते थांबले.

"उद्या भद्रकालीत जाऊ," एवढंच बोलले.

तिथले वाद्यं दुरुस्त करणारे काका तानपुरे-सतारीवाले, हे वाद्य त्यांनी कधी हातात घेतलेलं नव्हतं. त्यांनी तिसऱ्या पडद्यावर तार दाबली, पहिल्या पडद्याशी किती फट राहते ते डोळा मिटून निरखलं आणि म्हणाले, "ताई, खुंट्यांजवळच्या पट्टीच्या खाचा उथळ आहेत. तार उंच राहते, बोट दाबलं की ताणते, म्हणून स्वर चढतो." बारीक कानशीने प्रत्येक खाचेवर सात-आठ हात. मग तार लावून बघायची, मग पुन्हा दोन हात. जास्त गेलं तर तार पडद्यावर खणखणेल, म्हणून घाई नाही. वीस मिनिटं लागली. पैसे घ्यायला तयार नव्हते, बाबांनी खिशात कोंबले.

दुकानातच मी रे वाजवला. बाबांनी मान डोलावली. अडीच वर्षं मी वाद्याच्या किमतीला धरून बसले होते, आणि अडचण होती केसाएवढ्या फटीची.

आता तारा बदलल्यात, पोटावर नखांनी झिजलेला डाग पडलाय. सा मात्र काळी एकवरच ठेवलाय. रविवारी माझ्या सकाळी सातला नाशिकला संध्याकाळ असते, बाबा पेटी काढतात. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो, एकत्र वाजवलं की दोघांची लय मोडते. म्हणून मी माझा माईक बंद करते आणि त्यांच्या आवाजावर वाजवत राहते. त्यांना माझं काहीच ऐकू येत नाही. अंतरा संपला की ते कॅमेऱ्याजवळ येतात आणि विचारतात, "रे बरोबर लागला ना?"