वाईट दिवसाचा स्कोअर

बुधवार, रात्री

नोकरीचं पत्र आलंय आणि प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडियाच्या क्वालिफाइंग स्कूलचा, म्हणजे प्रो होण्यासाठीच्या पात्रता स्पर्धेचा, फॉर्मही भरायचाय. दोन्हींपैकी एकच जमेल.

घरात माझ्या चांगल्या राउंडचंच कौतुक होतं. पारच्या खाली चार, म्हणजे कोर्सला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा चार कमी, हा आकडा बाबा आल्या-गेल्याला सांगतात. मला हल्ली दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, सारखा डावीकडे जातोय, चार फुटांवरून होलकडे ढकललेले पट कडेवरून निसटतायत, अशा दिवशी मी कितीवर थांबतो? हौशी खेळाडू त्याच्या सर्वोत्तम राउंडमुळे लक्षात राहतो. प्रोचं घर चालतं ते त्याचा वाईट राउंड किती वाईट आहे यावर.

कारण मध्ये कट आहे. स्पर्धा चार दिवसांची, पण पहिल्या दोन राउंडनंतर साधारण पहिले ५० आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढेच पुढे जातात. बाकीचे बॅग भरून निघतात, बक्षिसातला एक रुपयाही न घेता. प्रवेश फी, प्रवास, हॉटेल, कॅडीचे पैसे तोवर खर्च झालेले असतात. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाख मिळतात, ते पेपरात छापून येतं. कट एका फटक्याने हुकलेल्याचं नाव कुठेच येत नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्याला दुसऱ्या शहरात पुन्हा पहिल्या टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवर, उभं राहायचं असतं. झाडीत गेलेला चेंडू हिरोगिरी न करता बाजूला काढायचा, बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त, घ्यायची आणि पुढच्या होलला डोकं शांत ठेवायचं. मला वाटतं, प्रोची खरी परीक्षा इथे होते.

एका फटक्याची किंमत टोकियोत सगळ्या देशाने पाहिली. २०२१ मध्ये ऑलिम्पिकला आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने गेलं. त्याच ऑलिम्पिकला आपल्या पुण्याचा उदयन मानेही खेळला. येरवड्याच्या कोर्सवर सराव करताना मला त्याची आठवण होते आणि हे स्वप्न अगदीच हवेतलं वाटत नाही.

वयाची भीती मात्र मला नाही. महूचे प्रो मुकेश कुमार २०१६ मध्ये दिल्लीत आशियाई टूरची स्पर्धा जिंकले तेव्हा ५१ वर्षांचे होते! इतका लांब पल्ला देणारे खेळ किती आहेत? पण लांब पल्ल्याला सुरुवातीची काही वर्षं तग धरावी लागते, आणि ती वर्षं बाबांच्या पैशांवर काढायची आहेत. मी हे बोललो तर ते म्हणाले, "पैशाचं मी बघतो, तू खेळाचं खरं सांग."

खरं सांगायचं तर आधी ते मोजायला हवं. उद्या कंपनीला रुजू होण्याची तारीख पुढे मागणार आहे. फॉर्मची मुदत संपेपर्यंत प्रत्येक राउंड मागच्या, सगळ्यात लांबच्या टीवरून खेळायचा, एकही गिमी (न मारताच गेला असं धरलेला छोटा पट) घ्यायची नाही, वारा असो की पाऊस. त्यातले सगळ्यात वाईट स्कोअर बाबांसमोर ठेवीन, चांगले नाही. ते कटच्या आसपास असले तर नोकरीला नकार कळवायचा. नसले तर रुजू व्हायचं आणि पुढच्या वर्षीपर्यंत शनिवार-रविवार शॉर्ट गेमवर, म्हणजे होलजवळच्या छोट्या फटक्यांवर, घालायचे.

आईला हे अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी चहाच्या वेळी सांगेन.