कोरड्या माणसाची नोकरी

तू काय करतेस असं कुणी विचारलं की मी सांगते, समुद्रावरच्या फील्ड स्टेशनमध्ये डायव्हिंग आणि बोटी सांभाळते. पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, "अरे वा, म्हणजे रोज पाण्यात?" नाही हो. गेल्या आठवड्यात पाच दिवस बोटीवर होते आणि एकदाच पाण्यात उतरले, तेही प्रोपेलरला गुंडाळलेला दोर कापायला, फार तर दीड मीटर खाली, आणि इंजिनाची किल्ली माझ्याच वेटसूटच्या बाहीत कोंबलेली, कारण ती वर ठेवली की कुणीतरी मदत म्हणून फिरवून बघतं. बाकी सगळा वेळ डेकवर. हातात क्लिपबोर्ड, गळ्यात शिट्टी, डोळे बुडबुड्यांवर.

ह्या नोकरीत आले ते डायव्हिंगच्या वेडापायी, आणि आता कळतंय की खाली गेलेल्या माणसाची सुरक्षितता अर्धी तरी वर बसलेल्या कोरड्या माणसावर असते. हे कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. कोर्समध्ये सगळं डायव्हरबद्दल असतं, श्वास रोखू नकोस, मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नकोस, 5 मीटरवर तीन मिनिटं थांब. सगळं बरोबरच आहे ते. पण तो डायव्हर वर आल्यावर बोट कुठे असेल, त्याच्या टाकीत हवा कसली भरली होती आणि तो आलाच नाही तर कुणाच्या आधी लक्षात येईल, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवत असतं.

हवेचंच घ्या. टाकी भरली म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. आमच्या कॉम्प्रेसरचा हवा ओढणारा पाइप शेडच्या मागे उंचावर आहे, पण वारा फिरला आणि शेजारी जनरेटर चालू असला तर त्याचा धूर थेट त्या पाइपात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. जमिनीवर जे प्रमाण जेमतेम सहन होतं ते खाली होत नाही, कारण 30 मीटरवर दाब चौपट असतो, म्हणजे टाकीत 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग) असेल तर शरीराला ते वरच्या 40 सारखं लागतं. म्हणून टाक्या भरायला सुरुवात करायच्या आधी मी बाहेर जाऊन वारा बघते, खुळ्यासारखी चिंधी हातात धरून. हसतात पोरं, हसू देत.

नायट्रॉक्सचं, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचं, तर मी ठरवूनच टाकलंय, ज्याने श्वास घ्यायचा त्यानेच अ‍ॅनलाइज करायचं, टाकीवरच्या टेपवर स्वतःच्या हाताने ऑक्सिजनचा आकडा, कमाल खोली आणि सही. 32 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण असेल तर 33 मीटरच्या खाली जायचं नाही, 36 असेल तर 28 च्या. दोन टाक्या शेजारी शेजारी ठेवल्या तर दिसायला जुळ्या बहिणी, आणि चुकीची उचलली तर ऑक्सिजनमुळे पाण्याखाली झटके येऊ शकतात, त्यातून हवा देणारा रेग्युलेटर तोंडातून सुटला की संपलं. हे एकदा समजावून सांगितलं की टेप लावायचा कंटाळा जातो बहुतेकांचा.

आता शास्त्रज्ञ. मला ही मंडळी मनापासून आवडतात आणि सगळ्यात जास्त घोर पण ह्यांचाच. हौशी डायव्हर मासे बघायला जातो, हवा कमी झाली की वर येतो, त्याचं काही अडत नाही. शास्त्रज्ञ खाली कामाला जातो. टेप अंथरायची, चौकट ठेवायची, मोजायचं, लिहायचं, फोटो, पुढची चौकट. सगळं लक्ष पाटीवर, त्यामुळे हवेच्या गेजकडे बघायचं राहतं, आणि "अजून एकच चौकट" हे जे वाक्य आहे ना ते माझ्या मते खोलीपेक्षाही धोकादायक. त्यात जितका अनुभव जास्त तितकं हे वाक्य सहज येतं. नवीन पोरगी टाकीतला दाब 100 बारवर आला की वर बघायला लागते, तीस वर्षांचा अनुभव असलेले सर 40 बारला आरामात पेन्सिल शोधत असतात.

असं म्हटलं की सर लोक म्हणतात आम्ही हे तुझ्या जन्माआधीपासून करतोय. खरंय. अमेरिकेत स्क्रिप्स ह्या समुद्रविज्ञानाच्या संस्थेत 1951 पासून शास्त्रीय डायव्हिंगचा रीतसर कार्यक्रम चालू आहे. पण 1982 मध्ये त्या देशात शास्त्रीय डायव्हिंगला व्यावसायिक डायव्हिंगच्या सरकारी नियमांतून सूट मिळाली ती काही तुम्ही हुशार आहात म्हणून नाही, तुमचं तुम्ही सांभाळा ह्या बोलीवर. प्रत्येक संस्थेत डायव्हिंग कंट्रोल बोर्ड पाहिजे, त्यात बहुसंख्य लोक स्वतः डायव्ह करणारे पाहिजेत आणि डायव्हिंगच्या बाबतीत शेवटचा शब्द त्या बोर्डाचा. म्हणजे प्रोजेक्टचा पैसा ज्याच्याकडे, त्याचा नाही. आमच्याकडेही आम्ही तसंच ठेवलंय, आणि मला विचाराल तर कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा हा एक कागद जास्त कामाचा आहे, कारण जेटीवर सकाळी सहा वाजता वारा वाढलेला असताना "सर, आज नाही" म्हणायला मला त्या कागदाचाच आधार असतो.

बरं, आता ती गोष्ट सांगते जी सांगायला मला आवडत नाही.

सुरुवातीच्या वर्षातली आहे. दोन जोड्या पाण्यात, चौघं वर आले, शिडीने चढले, मी विचारलं "आले का सगळे?" दोन-तीन आवाज आले, "हो, हो." मी वहीत वेळ लिहिली आणि बोटवाल्या काकांना हात केला. त्यांनी इंजिन चालू केलं. गियर टाकायला त्यांनी हात नेला आणि थांबले, मागे वळून म्हणाले, "पोरी, फिन्स तीनच जोड्या दिसतायत." चौथा मुलगा शिडीवरून परत पाण्यात उतरला होता. पाटी हातातून पडून तरंगत होती, दोन हातांवर, म्हणून पटकन गेला, कुणाला न सांगता. प्रोपेलरपासून अंतर किती होतं ते मी मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती.

चूक माझी होती, शंभर टक्के. "आले का सगळे" हा मुळात प्रश्नच नाही, ज्याला ऐकू येतं तोच उत्तर देतो आणि जो नाही तो कसा "नाही" म्हणणार? तेव्हापासून मी नाव घेते, तोंड बघते, मग वहीत टिक करते, आणि दुसऱ्याच्या नावाला ओ दिली तर पुन्हा पहिल्यापासून. काका वेगळे मोजतात. दोघांचे आकडे जुळल्याशिवाय किल्ली फिरत नाही. आणि माणूस शिडीजवळ असेल तर इंजिन न्यूट्रलला नाही, बंद. न्यूट्रलमध्ये प्रोपेलर हळूहळू फिरत राहू शकतो आणि लिव्हरला कुणाचा कोपर लागायला वेळ लागत नाही.

1998 च्या जानेवारीत ग्रेट बॅरियर रीफवर एक डायव्ह बोट दोन माणसांना समुद्रात सोडून परत गेली होती. किनाऱ्यावर कुणाच्या लक्षातच आलं नाही, दोन दिवसांनी बोटीवर त्यांच्या वस्तू पडलेल्या दिसल्या तेव्हा उलगडलं. ती माणसं सापडली नाहीत. आधी हे वाचलं होतं तेव्हा मला वाटायचं की किती बेफिकीर लोक असतील ते. त्या दिवसानंतर तसं वाटत नाही. बेफिकीर असायची गरज नसते, एक चुकीचा "हो" पुरतो.

बोटीचं बाकीचं पटकन सांगते. ओहोटीचा ओढा असेल तर मागे लांब दोर आणि त्याला तरंगता बोया सोडून ठेवायचा, दमलेला माणूस तो धरतो. डायव्ह ओढ्याच्या विरुद्ध सुरू करायची, म्हणजे परत येताना पाणीच आणून सोडतं. भरतीचं पाणी एका बाजूला आणि वारा त्याच्या उलट असला की तासाभरापूर्वीच्या शांत जागेवर लाटा उभ्या राहतात, अंदाजात वाऱ्याचा आकडा लहान असला तरी. डिझेल तीन भागांत धरायचं, जायला, यायला आणि एक भाग हात न लावायचा. निघताना किनाऱ्यावरच्या माणसाकडे चिठ्ठी, कोण, कुठे, किती वाजता परत, आणि किती वाजता मदत मागवायची. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "उशीर झाला तर बघ" असं लिहिलं की तो बघतच बसतो, 4.30 लिहिलं की 4.31 ला फोन लावतो.

रात्री बोटीवर बॅटऱ्या चार्जिंगला लावून झोपायचं नाही, ह्यावरून माझी सगळ्यांशी भांडणं होतात. 2019 च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डायव्ह बोटीला रात्री आग लागली, 34 माणसं गेली. आग नेमकी कशाने लागली ते चौकशीत ठरवता आलं नाही, पण रात्री फिरता पहारा नव्हता हे मात्र स्पष्ट निघालं. सगळे झोपलेले. कॅमेऱ्याचे दिवे, पाण्याखालच्या स्कूटर, लॅपटॉप, सगळ्यात लिथियम, आणि ते सगळं आम्हीपण वापरतो. कुणी जागं असेल तर चार्जिंग, नाहीतर नाही.

आणि आजारी पडलेल्या डायव्हरला द्यायचा ऑक्सिजन. "किटमध्ये ऑक्सिजन आहे ना?" आहे. किती मिनिटांचा? इथे भलेभले गप्प होतात. मिनिटाला 15 लिटर द्यायचा म्हटलं तर 400 लिटरची छोटी टाकी अर्धा तासही पुरत नाही. उपचाराची जागा दोन तास लांब असेल तर एका माणसाला 1800 लिटर लागतात, आणि जोडीने डायव्ह करतात म्हणजे आजारीही जोडीने पडू शकतात. हा हिशोब केला त्या दिवशी मी बोटीवरच्या टाक्या वाढवून घेतल्या. त्या वजनावरून काका अजून कुरकुरतात.

हां, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळचं विमान. दर वेळी कुणीतरी काढलेलंच असतं. रोज डायव्ह करणाऱ्याने विमानात बसायच्या आधी निदान 18 तास जाऊ द्यायचे, शरीरात उरलेला नायट्रोजन कमी दाबात फसफसतो, हे सगळ्यांना पाठ आहे, पीएचडी झालेली माणसं आहेत ही. तिकीट स्वस्त होतं म्हणून काढलं म्हणतात. आता मी ते येण्याआधीच तिकीट मागवून घेते आणि शेवटचा दिवस फक्त मीठ धुवायला ठेवते.

ह्याच महिन्यात एका सरांशी वाजलं. त्यांचा तापमान मोजणारा लॉगर 24 मीटरवर, मुक्काम संपत आलेला, दुसऱ्या दिवशी ते जाणार. त्यांच्या जोडीदाराचं सकाळपासून नाक बंद, कानातला दाब जुळत नव्हता. सर म्हणाले मी एकटा जातो, पाच मिनिटांचं काम आहे, जागा डोळे मिटून सापडेल. मी म्हटलं, "सर, तुम्हाला सापडेल हो, तुम्ही मला सापडायला हवेत." बोर्डाला फोन लावता का विचारलं. नाही लावला त्यांनी, पण जेवताना माझ्याशी बोललेही नाहीत.

लॉगर तीन आठवड्यांनी आम्ही दोघींनी जाऊन आणला, शिंपल्यांनी इतका माखलेला की आधी दगडच वाटला. बॅटरी मध्येच संपली होती, शेवटचे अकरा दिवस कोरे. सरांना फाइल पाठवली. उत्तरात फक्त तो कोऱ्या भागाचा आलेख आला, त्यावर लाल गोल करून.