तो आलेख मीच काढला होता

कोयनेच्या पाणलोटात पावसानं जोर धरला की मला हमखास विचारलं जातं, "ताई, तुम्ही ती अलमट्टीविरोधी वेबसाइट का सोडलीत? त्यांच्या बाजूला गेलात की काय?" लग्नात विचारतात, भाजी घेताना विचारतात, सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी बघायला उभं असतानाही विचारतात. अलमट्टी म्हणजे कृष्णेवरचं, आमच्या सांगलीच्या खाली कर्नाटकात असलेलं धरण. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

पूर म्हणजे काय, हे मला कुणी सांगू नये. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातलं आमचं घर बुडालं. पाणी ओसरल्यावर आईचं शिसवी कपाट उघडेना. लाकूड फुगून दारं एकमेकांत रुतली होती. भावानं पहार लावली. आत वडिलांची पत्रं होती, त्यांचा नुसता लगदा. त्या आठवड्यात कुणीतरी म्हणालं, हे सगळं अलमट्टीनं केलं, तिथं अडवलेलं पाणी मागे फुगून सांगलीत शिरलं. मी लगेच मानलं. आणि मला वेबसाइट बनवता येत होती.

आमच्या वेबसाइटला दोन दारं होती. पुढचं लोकांसाठी. छपरापर्यंत बुडालेलं घर, होडीत बसवलेली म्हातारी आणि खाली 'सही करा'. सही केली की ठरलेलं पत्र तुमच्या नावानं आमदारांना जायचं. मागचं दार मुंबईसाठी. आमदारांचे सहायक फोटो बघत बसत नाहीत, त्यांना सभागृहात वाचता येईल असं दोन पानी टिपण लागतं. ते मी लिहायचे. त्यातच तो आलेख होता. फोटो बघून लोक निदान विचारतात तरी, हा कधीचा, कुठला? आलेखाला कुणी काही विचारत नाही.

डावीकडे सांगलीची पाणीपातळी फुटांत, उजवीकडे अलमट्टीची मीटरमध्ये. पहिल्यांदा काढला तेव्हा दोन रेषा लांब लांब राहिल्या. मग मी उजवा अक्ष 505 ऐवजी 515 पासून सुरू केला, कमाल मर्यादा थोडी खाली ओढली आणि रेषा एकमेकींना चिकटल्या. मला आठवतंय, मी खुर्चीत मागे टेकून म्हटलं होतं, दिसलं की नाही? आकडा एकही खोटा नव्हता. हे मी आजही ठासून सांगते, आणि त्याचा मला काडीचा आधार वाटत नाही.

मग एका बैठकीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते आले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"हे 519 कशापासून मोजलंय?"

"समुद्रसपाटीपासून."

"आणि हे 57?"

"पुलाजवळच्या मोजपट्टीच्या शून्यापासून."

"मग या दोघी एकमेकींवर बसल्या कशा?"

"अक्ष मी लावलेत."

ते रागावले नाहीत. पेन्सिल काढून त्यांनी कागदाच्या कडेला नदी काढली. सांगली, खाली राजापूरचा बंधारा, त्याखाली कर्नाटकातला हिप्परगीचा बंधारा, पार तळाला अलमट्टी. "फुगवटा खालून वर सरकतो, ताई. मग मधल्या ठिकाणी पाणी कधी चढलं, किती चढलं? ते तुमच्या कागदावर कुठंय?" पावसाळा दोन्हीकडे एकच, त्यामुळे दोन्ही रेषा चढणारच, एवढंच माझा आलेख सांगत होता. मी मधली ठिकाणं शोधलीच नव्हती, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं.

मी संघटनेत म्हटलं, आलेख काढून टाकू. पुराची कारणं शोधायला राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 च्या अहवालात अलमट्टीला पुराचं कारण मानलं नव्हतं. आमच्या पानावर त्याबद्दल दोनच शब्द होते, 'अहवाल अमान्य'. अहवालाची लिंकसुद्धा नव्हती. तीही देऊ म्हटलं. उत्तर आलं, "ताई, अधिवेशन होऊ दे, मग बघू." अधिवेशन झालं. आलेख तिथंच. मी पासवर्ड देऊन बाहेर पडले.

बाजू बदलली म्हणता, तर पलीकडच्या, धरण उंच व्हावं म्हणणाऱ्या वेबसाइटही वाचून बघा. भेगाळलेली शेतं वर, अलमट्टीची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करायला कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं 2010 मध्ये दिलेली परवानगी ठळक अक्षरांत, आणि सांगलीचा कुठं उल्लेख नाही. आता कुठलीही अशी वेबसाइट उघडली की मी आधी बघते, माणसांची नावं आहेत का, पैसा कुणाचा ते लिहिलंय का, विरोधातला अहवाल जोडलाय का. आमच्या 'आमच्याविषयी'त 'जागरूक सांगलीकर' एवढंच होतं. माझंही नाव नव्हतं.

तरी उंची वाढू नये असंच मला वाटतं. साडेचार मीटरहून जास्त पाणी चढवायचं आणि वरच्या माणसांनी गप्प बसायचं, हे मला पटत नाही. पण त्यासाठी माझ्या हातात काय आहे, विचाराल तर गप्प बसावं लागतं. 2019 मधली मी म्हणते, तू मऊ पडलीस, कपाट विसरलीस. कपाट मी विसरलेले नाही.

गेल्या जुलैत तो आलेख माझ्याच फोनवर आला. खालची आकड्यांच्या स्रोताची ओळ कुणीतरी कापलेली. पाठवणारा माझा भाऊ, पहार लावणारा. "तूच काढलेलास ना? सगळ्यांना पाठव." मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. त्या दिवशी पाणी 38 फुटांवर होतं आणि तो सामान माळ्यावर चढवत होता. मी चपला घातल्या आणि त्याला हात द्यायला गेले.