खोकं बांधण्याआधी

रविवार, रात्र

परदेशात घरचं खाणं पाठवायचं म्हटलं की आधी वजनकाटा निघतो. खरं तर आधी पाकिटामागची घटकांची यादी वाचावी. युरोपियन युनियनमध्ये मोजके शेजारी देश सोडले, तर बाहेरून मांस, दूध आणि त्यांपासून केलेले पदार्थ स्वतःपुरतेही आणता येत नाहीत. पार्सललाही तोच नियम. मध २ किलोपर्यंत चालतो. ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं. त्यातून अननस, केळी, नारळ, खजूर आणि डुरियन एवढीच सुटतात. बिस्किटं, चॉकलेट सहसा जातात, हे अनेकांना ठाऊक नसतं आणि उगाच मन मारलं जातं.

लोणचं गळतं ते बहुतेक हवेमुळे. उडत्या विमानात हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या इतका उतरतो. बरणीत अडकलेली हवा फुगते आणि बरणी आडवी असली की तेलाला झाकणाच्या आट्यांतून बाहेर ढकलते. म्हणून मोठी बरणी अर्धी भरण्यापेक्षा लहान बरणी गळ्यापर्यंत भरावी, फोडी तेलाखाली बुडालेल्या असाव्यात. काठ कोरड्या फडक्यानं पुसून तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणावा, वर झाकण घट्ट फिरवावं, कडेनं चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत आणि बरणी दोन पिशव्यांत उभी ठेवावी. काठाला तेल राहिलं तर पट्टी धरतच नाही. सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

पिठाचं दुखणं वेगळं. किड्यांची अंडी त्यात आधीच असू शकतात आणि प्रवासातल्या उबेत फुटतात. हवाबंद पिशवीत भरून उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवलं की ती मरतात. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नये. गार पिठावर हवेतली वाफ धरते, गुठळ्या होतात, मग बुरशी. मसाले शक्यतो अख्खेच पाठवावेत. दळलेल्याचा वास लवकर उडतो.

कुरियरवाले बहुधा आकारही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ४० × ३० × ३० चं खोकं ७.२ किलोचं धरलं जातं, आत चारच किलो असले तरी. फुगीर पाकिटं त्यामुळे महाग पडतात.

कस्टम्सच्या फॉर्मवर नुसतं ‘खाऊ’ लिहू नये. ‘भाजलेलं तांदळाचं पीठ, १ किलो, दूध नाही’ असं एकेका ओळीत, तिथल्या अधिकाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत लिहावं. घरी भरलेल्या पिशवीवरही हीच चिठ्ठी चिकटवावी. बिननावाची पांढरी पूड हमखास फोडून बघतात, आणि फोडलेली पिशवी पुन्हा तशी बंद होत नाही.